देश सुटल्यानंतरचं नृत्य

नमस्कार मंडळी.

सोव्हिएत रशियातली बॅले नर्तिका नतालिया मकारोवा, तिचं नाव निघालं की सगळे आधी सप्टेंबर १९७० मधल्या त्या रात्रीबद्दल विचारतात. लेनिनग्राडच्या किरोव्ह बॅलेचा लंडनमधला हंगाम संपत आला होता. ४ तारखेला ती इंग्रज मित्रांकडे जेवायला गेली आणि परत आपल्या मंडळीत आलीच नाही. ब्रिटिश सरकारकडे तिने आश्रय मागितला. प्रसंग थरारक आहे, आणि अनेकांनी तो रंगवून सांगितला आहे. मला आज त्यापुढच्या वर्षांबद्दल बोलायचं आहे. देश सोडायला एक रात्र पुरली. पण त्या वेळी ती तिशीला टेकली होती, आणि बॅलेत तिशी म्हणजे निम्मी कारकीर्द मागे पडलेली असते.

तिची तयारी कुठे झाली ते आधी पाहू. लेनिनग्राडच्या वागानोवा बॅले शाळेत मुलं साधारण दहाव्या वर्षी घेतात. मकारोवा तिथे पोचली तेराव्या वर्षी. उशिरा आलेल्या मुलांसाठी एक प्रायोगिक वर्ग होता, त्यात नऊ वर्षांचा अभ्यासक्रम सहा वर्षांत उरकला जाई. १९५९ मध्ये ती किरोव्हमध्ये दाखल झाली, आणि दोनच वर्षांनी लंडनच्या प्रेक्षकांनी ‘जिझेल’ या बॅलेतली तिची नायिका पाहिली. १९६५ मध्ये बल्गेरियातल्या वार्नाच्या बॅले स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. मानमरातब, उत्तम शिक्षक, स्वतःचं थिएटर, काहीच कमी नव्हतं. कमी होती ती नव्या कामाची. जुन्या भूमिका पुन्हा पुन्हा करायच्या, आणि कुणी वेगळं काही बसवायला घेतलं तर वरून परवानगी येईल की नाही याची धास्ती. पंचवीस-तीस वर्षांच्या, भुकेल्या कलावंताला हे किती जाचत असेल, ते कुठल्याही नर्तकाला विचारा.

आश्रय मिळाला, पण लंडनमध्ये तिला हवं तसं कायमचं स्थान मिळालं नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती न्यूयॉर्कला अमेरिकन बॅले थिएटरबरोबर ‘जिझेल’ नाचली, आणि तीच तिची मंडळी झाली.

इथे मला जरा थांबायचं आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, बॅले तो बॅले, पावलं तीच, पावलांची फ्रेंच नावंही तीच. मग अडचण कसली? अडचण भरपूर होती. किरोव्हमधल्या सगळ्या मुली एकाच शाळेतून आलेल्या, एकीने मान वळवली की दुसरीची त्याच कोनात वळणार. प्रत्येक भूमिका घोटून घेणारे अनुभवी शिक्षक पाठीशी. अमेरिकन बॅले थिएटर १९४० मध्ये उभं राहिलेलं, गावोगाव दौरे करणारं. नर्तक वेगवेगळ्या गुरूंकडून, वेगवेगळ्या पद्धती शिकून आलेले. तालमींना वेळ कमी, प्रयोग जास्त. त्यात मकारोवाला लय फार संथ लागे. हात उचलायला ती जो वेळ घेई, त्यात वाद्यवृंदाच्या संचालकाची परीक्षाच असे. तिचे दोन प्रयोग सारखे होत नसत, त्यामुळे जोडीदारालाही सतत सावध राहावं लागे. हंगेरीहून आलेला इव्हान नॉज तिचा तिथला जोडीदार. त्यानेही देश सोडलेला होता. या दोघांची ‘जिझेल’ पाहिलेली माणसं आजही तिच्याबद्दल हळवेपणाने बोलतात.

नवं काम हवं म्हणून ती आली होती, ते तिला नृत्यरचनाकार अँटनी ट्यूडरकडे मिळालं. ट्यूडर मूळचा लंडनचा. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास न्यूयॉर्कला आलेला. त्याचा ‘लायलॅक गार्डन’ १९३६ चा. सोयीच्या लग्नाला उभी राहिलेली एक मुलगी, बागेतली मेजवानी, आणि त्या गर्दीत तिचा प्रियकर. निरोप घ्यायचा आहे, पण चारचौघांत काही दिसता कामा नये. विचार करा, जिचे हात, मान, पाठ लहानपणापासून भावना शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला शिकले, तिला सांगितलं जातं की हात अंगालगत ठेव, चेहरा आवर, जे आहे ते खांद्याच्या एका वळणात येऊ दे. प्रसिद्धी पदरात असताना पुन्हा विद्यार्थिनी होऊन तिने हे शिकून घेतलं. माझ्या लेखी तिचं सगळ्यात मोठं धाडस हे.

आणि जे घ्यायचं ते घेत असतानाच तिने देणंही सुरू केलं. १९७४ मध्ये तिने ‘ला बायादेर’मधला ‘छायांचं राज्य’ हा प्रवेश अमेरिकन नर्तकांकडून बसवून घेतला, आठवणीतून. हा बॅले नृत्यरचनाकार मारियुस पेतिपाचा, १८७७ मधला, सेंट पीटर्सबर्गचा, म्हणजे पुढच्या लेनिनग्राडचा. पेतिपा मार्सेयचा, संगीतकार मिन्कुस व्हिएन्नाचा. दोघेही पोटापाण्यासाठी रशियात गेलेले. कथा म्हणे भारतातली: देवळातली नर्तिका निकिया, तिचा प्रियकर सोलोर, राजकन्या गमझात्ती. यातला भारत कल्पनेतलाच. पण त्या कल्पनेमागे एक खरी घटना आहे. १८३८ मध्ये पाँडिचेरीजवळच्या देवदासींचा एक संच पॅरिसला गेला होता. त्यातल्या अम्मणीचं नृत्य पाहून तेओफिल गोतिये हा लेखक भारावून गेला, आणि पुढे त्याने ‘शाकुंतला’वर बॅले लिहिला, तो बसवला पेतिपाच्या थोरल्या भावाने. भरतनाट्यम शिकलेल्या आपल्यासारख्यांनी अम्मणीचं नाव लक्षात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

‘छायां’कडे येऊ. निकिया सर्पदंशाने मेली आहे. अफूच्या धुंदीत सोलोरला ती दिसते, आणि तिच्यासारख्या कितीतरी जणी दिसतात. रंगमंचाच्या मागच्या उतरणीवर पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी येते. एक पाय मागे लांबवते, उभ्या पायाचा गुडघा किंचित लवतो, धड पुढे झुकतं. मग ती सावरते, हात डोक्यावर नेते, पाठीची कमान करून मागे कलते. दोन पावलं पुढे. तेवढ्यात तिच्यामागे दुसरी आलेली असते आणि दोघी तेच करतात. मग तिघी, चौघी, अशा अमेरिकन बॅले थिएटरच्या चोवीस. एकीचा घोटा थरथरला तर गॅलरीतूनही दिसतं. इथे एकटीचं कौशल्य कामाचं नाही; चोवीसजणींची पाठ एकाच वेळी वळली पाहिजे. वेगवेगळ्या शिक्षणाच्या मुलींना मकारोवाने पाठीपासून हात कसा निघतो ते शिकवलं, आणि ज्या मंडळीतल्या समूहाचं कौतुक क्वचितच होई, तिच्या समूहासाठी प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले. त्याच उन्हाळ्यात किरोव्हचाच नर्तक मिखाईल बारिश्निकोव्ह तिच्यासारखाच देश सोडून कॅनडातल्या टोरांटोत मागे राहिला, आणि अमेरिकेतला त्याचा पहिला प्रयोग झाला तो मकारोवाबरोबरच.

१९८० मध्ये तिने संपूर्ण ‘बायादेर’ उभा केला. रशियात शेवटचा अंक, देऊळ कोसळण्याचा, कित्येक वर्षं गाळला जात होता. तिने तो नव्याने रचला आणि जॉन लँचबेरीकडून त्यासाठी संगीत करून घेतलं. पहिल्या प्रयोगाला निकिया तीच होती. मध्येच दुखापत झाली आणि उरलेली भूमिका दुसऱ्या नर्तिकेला करावी लागली, पण रचना टिकली. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेने ती घेतली, त्यानंतर इतर देशांतल्या मंडळींनीही.

ब्रॉडवेचा भाग थोडक्यात सांगते. ‘ऑन युअर टोज’ या संगीत नाटकात तिने रशियन नर्तिकेची बोलती भूमिका केली. वॉशिंग्टनच्या प्रयोगात सजावटीचा जड भाग अंगावर पडून तिचा खांदा मोडला. तरी ती १९८३ च्या मार्चमध्ये ब्रॉडवेवर उभी राहिली आणि टोनी पारितोषिक घेऊन गेली.

फेब्रुवारी १९८९ मध्ये ती लेनिनग्राडला, किरोव्हच्या रंगमंचावर परतली. अठरा वर्षं तिथे तिचं नाव काढायची सोय नव्हती. ‘जिझेल’ नाचली असती तरी लोक खूश झाले असते. तिने निवडले ‘ओनेगिन’मधले प्रवेश. रशियन कवी पुश्किनची कथा, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या जॉन क्रँकोने जर्मनीत बसवलेला बॅले, आणि तिने तो शिकला देश सोडल्यावर. पुश्किनची नायिका तात्याना पुश्किनच्याच गावात तिने त्या वाटेने आणली. गाव सुटल्यानंतर काय कमावलं, ते दाखवायला याहून चांगली निवड मला सुचत नाही.

आता ‘छायां’ची फीत लावू या. सगळ्यात पुढच्या मुलीकडे नजर ठेवा. ती पहिली उतरते, म्हणून तीच हालचाल तिला सगळ्यांहून जास्त वेळा करावी लागते. शेवटच्या ओळीतली मुलगी येईपर्यंत तिचा उभा पाय कसा आहे ते बघा, आणि मग प्रश्न विचारा.