रंग गेले, रेघ राहिली

नमस्कार मंडळी. लक्ष्मणराव किर्लोस्करांवर बोला असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी एकच विनंती केली. किर्लोस्कर समूहाची उलाढाल, शेअरचे भाव, कोणती कंपनी कुणाकडे गेली, यावर मी बोलणार नाही. तो माझा प्रांत नाही. मी सगळी नोकरी तंत्रनिकेतनात यंत्ररेखन शिकवण्यात घालवली. ड्रॉईंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि टोक केलेली पेन्सिल, एवढंच माझं जग. त्यामुळे मला लक्ष्मणराव आधी दिसतात ते ड्रॉईंग मास्तर म्हणून, आणि कारखानदार झाल्यावरही त्यांची मास्तरकी सुटली नाही असं माझं ठाम मत आहे.

जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले तेच हे गाव. घराण्याचं मूळ मालवणजवळच्या किर्लोस गावचं. लक्ष्मणाचं शाळेत मन रमेना. हात मात्र सारखा चित्र काढण्यात गुंतलेला. मोठे भाऊ रामूअण्णा यांचा पाठिंबा मिळाला आणि १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, हा मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

तिथे काय झालं ते ऐका. चित्रकार व्हायला आलेल्या या मुलाला काही रंगांतला फरक कळत नाही, असं निघालं. डोळ्यांतच दोष. त्याला इलाज नाही. एवढ्या लांबून, घरच्यांची समजूत घालून आलेल्या पोराची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल! पण रंग गेले तरी रेघ शाबूत होती. रंगकाम सोडून लक्ष्मणराव यंत्रांची चित्रं काढायला शिकले. त्याच्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. पगार महिना ४५ रुपये.

यंत्राचं चित्र काढणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलं नाही त्यांना सांगतो. चित्रकार दिसतं ते काढतो. यंत्ररेखन करणाऱ्याला न दिसणारंही काढावं लागतं. एक वस्तू समोरून, वरून, बाजूने, अशी तीनदा काढायची. आत लपलेली कडा तुटक रेषेने दाखवायची. अक्ष कुठून जातो, भोक किती खोल आहे, सगळं कागदावर आलं पाहिजे. वर्षभर हे केलं की माणसाची नजरच बदलते. रस्त्यावरून जाणारं यंत्र तो मनातल्या मनात खोलायला लागतो. लक्ष्मणरावांनी हे कित्येक वर्षं केलं आणि दुसऱ्यांना शिकवलं. पुढे त्यांनी परदेशी यंत्रं उघडून पाहिली, मोजली आणि आपल्या जमिनीला, आपल्या बैलांना सोसतील अशी घडवली, त्याची तालीम या वर्गात झालेली होती.

नोकरी चालू असतानाच सायकलीचा धंदा सुरू झाला. किर्लोस्कर मंडळी आपली सुरुवात १८८८ पासून मोजतात ती यामुळे. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. तिथे रामूअण्णा त्या विकायचे आणि चालवायला शिकवायचेही. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये आणि शिकवणी पंधरा रुपये. ही शिकवणी मला फार महत्त्वाची वाटते. ज्या वस्तूवर बसायचं कसं हेच गिऱ्हाइकाला माहीत नाही, ती नुसती दुकानात मांडून खपत नाही. आधी माणसाला तिच्यावर तोल सांभाळता आला पाहिजे. किर्लोस्करांच्या धंद्यात विकणं आणि शिकवणं पहिल्या दिवसापासून असं हातात हात घालून आलं.

मग संस्थेत बढतीची वेळ आली. लक्ष्मणरावांचा हक्क असताना ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला भावाकडे आले. त्या काळात, पदरात संसार असताना, ४५ रुपयांची बांधलेली नोकरी सोडणं ही साधी गोष्ट नव्हती. आज त्या गावात किर्लोस्कर रोड आहे, पण तेव्हा तिथे एक लहानसं वर्कशॉप होतं, इतकंच.

पहिलं यंत्र काढलं ते कडबा कापायचं. ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना यातलं मर्म लगेच कळेल. अख्खा कडबा गव्हाणीत टाकला की म्हैस पानं ओरबाडते आणि जाड धाटं पायाखाली तुडवते. निम्मी वैरण शेणात जाते. कुट्टी करून टाकली की ती सगळी खाते. दुष्काळी मुलखात ही बचत म्हणजे एखादं जनावर विकावं न लागणं.

त्यानंतर आला नांगर. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझं मन तिथे अडकलंय.

लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला आणि शेतकऱ्यांनी तो घ्यायला नकार दिला. लोखंडाचं विष जमिनीत उतरतं, असं लोक म्हणायचे. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. ही गोष्ट आपण नेहमी शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून सांगतो. मला तसं सांगणं अन्यायाचं वाटतं. त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. लाकडी नांगर गावचा सुतार करून देत होता, बलुत्यावर. सुगीला त्याला धान्य द्यायचं, मोडला की तो दुरुस्त करणार. रोख पैशाचा प्रश्नच नाही. खोड बाभळीचं, बाभूळ आपल्याच बांधावरची. त्यात लोखंड होतं ते फाळापुरतं. आता एक मास्तर येऊन सांगतो की हे सगळं सोड आणि रोख पैसे मोजून हे सबंध लोखंडाचं घे. मोडलं तर कुणाकडे जायचं? बैलांना ओढलं नाही तर? जमीन बिघडली तर वर्षभर खायचं काय? विषाची भीती ही या सगळ्या प्रश्नांची एकच गाठ होती, असं मी समजतो.

आणि तरी नांगर चांगलाच होता. लाकडी नांगर माती फोडत जातो, उलटी करत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळवलेलं पान असतं, त्यावरून मातीचा थर सरकत वर येतो आणि उपडा पडतो. काळ्या रानात हरळी-कुंद्याचं तण माजलं की वरवरच्या नांगरटीने ते हटत नाही, उलट तुकड्यातुकड्याने पसरतं. उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळं उपडी टाकली, चैत्र-वैशाखाचं ऊन त्या मुळ्यांना लागलं, की मग कुंद्याचा जीव जातो.

आमच्या घरी असा नांगर होता. लहानपणी मी आजोबांच्या मागे नांगराच्या तासातून अनवाणी चाललोय. आमची बैलजोडी एकच, त्यामुळे भावकीतल्या दोन जोड्या मागून आणायच्या, इर्जिक घालायची, दुपारी सगळ्यांना जेवण. आजोबा रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीवर, नुसता हात टेकवायचे. उलटणाऱ्या मातीचा खालचा भाग ओला, काळाभोर, चकाकणारा, आणि दहा पावलांवर वळून बघावं तर तो करडा पडलेला. संध्याकाळी नांगर घरी आला की त्याचं ते पान आरशासारखं लखलखायचं. आजोबा त्यावर एरंडेलाचा बोळा फिरवायचे. त्यांना कुणी विषाबद्दल विचारलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. त्यांच्या पिढीला ती शंका उरलीच नव्हती.

बेळगावात धंदा जरा मार्गी लागतोय तोच नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी जागा खाली करायला सांगितलं. यंत्रं, माणसं, कच्चा माल घेऊन जायचं कुठे? त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंधच्या यमाईदेवीच्या सभामंडपाचं काम होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. रंगांनी ज्याची साथ सोडली त्या माणसाला एका चित्रकार राजाने आधार दिला, हे मला नेहमी विलक्षण वाटतं. त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले आणि संस्थानच्या हद्दीतली कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि त्यात नागसापांचा सुळसुळाट. पण शेजारून आगगाडी जात होती. लोखंड आणायला आणि नांगर पाठवायला तीच हवी होती.

१० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव तिथे आले. बरोबर पंचवीसेक कामगार आणि त्यांची बायकामुलं. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, छप्पर घालायचं आणि त्याच वेळी कारखानाही चालू करायचा. सोबतीला रामूअण्णा होतेच. शंभूराव जांभेकर यंत्रांचे जाणकार. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करायचे. आणि अनंतराव फळणीकर, शाळा अर्धवट सोडलेला माणूस, इथे अभियंता झाला. फळणीकरांचं नाव आलं की मी वर्गात मुद्दाम थांबायचो. मागच्या बाकावर खाली मान घालून बसलेली दोन-तीन पोरं वर बघायची.

रात्रीच्या पहाऱ्यासाठी लक्ष्मणरावांनी नेमलं तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना. दोघेही शिक्षा भोगून आलेले. जातच आडनाव म्हणून चिकटलेली, आणि त्या जातीवरच इंग्रज सरकारचा आणि गावाचा संशय. त्यांच्या हाती सगळ्या वस्तीची राखण सोपवली, आणि त्यांनी ती निभावली. या वस्तीत, म्हणजे पुढच्या किर्लोस्करवाडीत, अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता. १९१० च्या दशकात, या भागात. पुढे कुणी आपल्यासमोर किर्लोस्करवाडीच्या आखीव रस्त्यांचं आणि बागांचं कौतुक केलं, तर या नियमाचंही करावं.

पहिल्या महायुद्धाचा काळ कारखान्याने काढला. १९२० साली किर्लोस्कर बंधू लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. यंत्राच्या माहितीबरोबर हळूहळू त्यात नवे विचार येऊ लागले. १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं. नांगर तयार करणाऱ्या वाडीतून बायकांनी वाचायचं मासिक छापून बाहेर पडतंय, ही गोष्ट मला सायकलीच्या त्या पंधरा रुपयांच्या शिकवणीपासून वेगळी वाटत नाही. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, पंप असा माल वाढत गेला. मुलगा शंतनुराव १९२६ साली अमेरिकेत एमआयटीतून अभियंता झाला. पुढे हरिहर, बंगळुरू, पुणे असा विस्तार झाला. ती कथा मोठी आहे आणि ती शंतनुरावांची आहे.

एका गोष्टीवर मात्र बोललंच पाहिजे. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर या भागात जी जाळपोळ झाली, त्यात किर्लोस्करवाडीही पेटली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ज्या माणसाने जात उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगितली, त्याचा कारखाना मालकाची ब्राह्मण जात बघून जाळला गेला. मी या भागातलाच आहे, त्यामुळे हे बोलताना मला आजही जड जातं. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. पुण्यात मॉडेल कॉलनीत शंतनुरावांच्या बंगल्याचं नाव ‘लकाकि’. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या नावाची ती आद्याक्षरं, हे तिथून रोज जाणाऱ्या कितीतरी लोकांना ठाऊक नसतं.

मिरजेहून पुण्याला रेल्वेने निघालात तर भिलवडीनंतर किर्लोस्करवाडी लागतं. पूर्वीचं कुंडल रोड ते हेच. पंपांचा कारखाना चालू आहे. गाडी फार वेळ थांबत नाही, पण खिडकीजवळ बसला असाल तर झाडं दिसतात. निवडुंग काढून लावलेली.

आमचा नांगर आता गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा आहे. फाळ झिजून निम्मा झालाय. मागच्या दिवाळीला नातवाने विचारलं, आजोबा, हे काय आहे? मी कागद घेतला आणि त्याला तो समोरून, वरून आणि बाजूने काढून दाखवला.