फवारणीच्या आधीपासूनच तो तिथं असतो

नमस्कार श्रोतेहो. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडं फळछाटण्या उरकत आल्यात, पहाटे दव पडतंय, मधूनच ढग गोळा होतात. द्राक्षबागायतदाराची झोप उडवणारा डाऊनी, म्हणजे केवडा, अशाच हवेची वाट बघत असतो. आधी पानावर तेलकट डाग, मग पानाच्या खालच्या अंगाला पांढरी बुरशी. आणि तक्रार सगळीकडं एकच: पूर्वी एका फवारणीत बसायचा, आता तीन फवारण्या झाल्या तरी हलत नाही. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं, बुरशीला औषधाची सवय झाली.

बुरशीला सवय-बिवय काही होत नाही. औषधाला दाद न देणारी बुरशी तुमच्या बागेत फवारणीच्या आधीपासून असते. पुन्हा सांगतो, आधीपासून असते. लाखोंत, कोटींत एखादीच, पण असते. फवारणी तिला घडवत नाही. फवारणी तिची बाकीची भावकी मारते आणि तिला रान मोकळं करून देते.

हे ज्यानं सिद्ध केलं त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे, आणि आजचा बराचसा वेळ ती खाणार आहे.

साल १९४३. महायुद्ध ऐन भरात. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात साल्वादोर लुरिया नावाचा तरुण डॉक्टर नुकताच रुजू झाला होता. मूळचा इटलीतल्या तुरीनचा, धर्मानं ज्यू. मुसोलिनीच्या राजवटीत टिकाव लागेना म्हणून पॅरिसला गेला, तिथं जर्मन फौजा आल्या तेव्हा तिथूनही निसटला आणि १९४० मध्ये अमेरिकेत पोहोचला. त्याचा अभ्यासाचा विषय म्हणजे आतड्यात राहणारे ई. कोलाय जीवाणू आणि त्या जीवाणूंना मारणारे विषाणू. या विषाणूंना फाज म्हणतात.

जीवाणू वाढलेलं पाणी गढूळ दिसतं. त्यात फाज सोडला की काही तासांत ते स्वच्छ होतं, सगळे जीवाणू फुटून मरतात. पण तीच नळी तशीच ठेवली तर बऱ्याचदा पाणी पुन्हा गढूळ व्हायला लागतं. कुणीतरी वाचलेलं असतं, आणि त्याची सगळी पिलावळ आता फाजला भीक घालत नाही. लुरियाला छळणारा प्रश्न हा, की हा वाचलेला जीवाणू फाजशी गाठ पडल्यावर बदलला, की फाज येण्याआधीच बदललेला होता? त्या काळी बऱ्याच जाणत्या मंडळींना पहिलंच खरं वाटायचं. आणि तपासायचं तरी कसं? कोण वाचणार हे फाज टाकल्याशिवाय कळत नाही, आणि फाज टाकला की आधीचं काही सांगता येत नाही.

अशा विचारात असताना विद्यापीठाच्या गावात, ब्लूमिंग्टनच्या कंट्री क्लबात प्राध्यापक मंडळींची नाचगाण्याची संध्याकाळ होती. लुरिया तिथं गेला. एका कोपऱ्यात पैशाचं यंत्र होतं, नाणं टाकायचं आणि दांडी ओढायची. त्याचा एक सहकारी एकामागून एक नाणी टाकत होता आणि हरत होता. लुरिया स्वतः खेळत नव्हता, बाजूला उभा राहून चेष्टा करत होता, की शेवटी हरणारच आहेस. आणि नेमकं तेव्हाच यंत्रानं खणखणाट केला! दहा-दहा सेंटची नाणी, सगळी मिळून तीनेक डॉलर, एकदम बाहेर आली. सहकाऱ्यानं लुरियाकडं एक जळजळीत नजर टाकली, नाणी उचलली आणि चालू लागला.

लुरिया तिथंच उभा. (जुगार वाईटच. मटक्यानं आपल्याकडं किती घरं बसवली हे मी वेगळं सांगायला नको. पण जुगार बघत उभं राहण्यातून नोबेल मिळालेला माणूस मला तरी हा एकच माहीत आहे.) त्याच्या डोक्यात आलं ते असं. हे यंत्र थोडं-थोडं, सारखं-सारखं देत नाही. बहुतेक वेळा शून्य देतं आणि क्वचित एकदम ढीग ओततं. जीवाणूंतला बदल जर फाज येण्याआधी, आपल्या मनानं, केव्हाही होत असेल, तर वेगवेगळ्या नळ्यांतले आकडेही असेच वेडेवाकडे यायला हवेत.

का, ते नीट ऐका. जीवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असा वाढतो. एखाद्या नळीत बदल अगदी शेवटी झाला तर फाजला न बधणारे एक-दोनच सापडतील. तोच बदल सहा पिढ्या आधी झाला असेल तर सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४. आणि बदल झालाच नसेल तर शून्य. उलट, फाजच्या स्पर्शानं बदल होत असेल तर प्रत्येक नळीत जीवाणू तेवढेच, फाजही तेवढाच, मग वाचणारेही साधारण तेवढेच निघायला हवेत.

दुसऱ्या दिवशी रविवार, तरी गडी सकाळीच प्रयोगशाळेत हजर. त्यानं केलेल्या प्रयोगांपैकी एकाचे आकडे सांगतो. वीस लहान नळ्या, प्रत्येकीत जीवाणू वाढवायचा जेमतेम ०.२ मिलिलिटर पोषक रस, सुरुवात मोजक्या जीवाणूंपासून. सोबत ताळ्यासाठी एक मोठी, १० मिलिलिटरची नळी. सगळ्या वाढू दिल्या, मग फाज माखलेल्या थाळ्यांवर ओतल्या आणि वाचलेल्यांच्या वसाहती मोजल्या. मोठ्या नळीतून दहा नमुने घेतले, आकडे १३ पासून २६ पर्यंत, सगळे जवळजवळ. आणि वीस लहान नळ्या? अकरा नळ्यांत शून्य. काहींत एक, तीन, पाच, सहा. एकीत ३५. एकीत ६४. आणि एकीत १०७!

खणखणाटच तो.

लुरियानं हे मॅक्स डेलब्रुकला पत्रानं कळवलं. डेलब्रुक जर्मन, भौतिकशास्त्र सोडून जीवशास्त्रात आलेला, नॅशव्हिलला शिकवत होता. काही दिवसांतच त्याचं उत्तर आलं, गणिताची बाजू तो मांडायला बसला होता. पोस्टानं काही दिवसांत! आपण हल्ली खिशातल्या फोनवरच्या निरोपालाही इतक्या लवकर उत्तर देत नाही. दोघांचा लेख त्याच वर्षी छापून आला आणि १९६९ मध्ये आल्फ्रेड हर्शीबरोबर दोघांना नोबेल मिळालं. बी.एस्सी.च्या पोरांना आपण या प्रयोगाचं नाव आणि साल पाठ करायला लावतो, आकडे मात्र दाखवत नाही. ते वीस आकडे फळ्यावर लिहिले तर व्याख्या घोकायची गरज पडणार नाही, असं माझं मत आहे.

आता याची दुसरी बाजू. न बधणारा जीवाणू आधीपासूनच असतो, तर मग सगळीकडं तोच का माजलेला नसतो? कारण बचावाची किंमत मोजावी लागते. लुरियानं वापरलेला फाज जीवाणूच्या अंगावरच्या एका विशिष्ट दारातून शिरतो. जीवाणूनं ते दार ठेवलंय लोह आत घ्यायला. बदल होऊन दार मोडलं की फाजला वाट नाही, पण त्या वाटेनं येणारं लोहही बंद. चोराच्या भीतीनं दार कायमचं भिंतीनं चिणावं आणि दूधवालाही बाहेर राहावा, तशी गत. फाज असताना हा जीवाणू राजा. फाज नसताना, लोहाची टंचाई असेल तिथं, साधे जीवाणू त्याच्या पुढं निघून जातात.

म्हणजे औषधाचा मारा थांबला की न बधणारा मागं पडू शकतो. पडू शकतो, पडतोच असं नाही. आटपाडी-जत भागात डाळिंबावरच्या तेल्यासाठी, म्हणजे जीवाणूंमुळं होणाऱ्या रोगासाठी, स्ट्रेप्टोमायसिन असलेलं औषध फवारत आलेत. स्ट्रेप्टोमायसिनला न बधणाऱ्या काही जीवाणूंची प्रथिनं बनवण्याची गती मंदावते, ती त्यांची किंमत. पण प्रयोगशाळेत असं दिसलंय की त्यांच्यात दुसरा एखादा बदल होतो, गती भरून निघते आणि बचाव कायम राहतो. मग औषध बंद केलं तरी ते मागं हटत नाहीत. म्हणून वाट बघू नये, हात आधीच आखडता घ्यावा.

बागेत याचा अर्थ काय? ॲझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटातली औषधं १९९६ मध्ये बाजारात आली आणि २००० च्या सुमारास युरोपातल्या काही बागांत डाऊनी त्यांना दाद देईनासा झाला. एका प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲलॅनिन, जनुकात एका अक्षराचा फरक, बस. डाऊनीला याची फारशी किंमतही पडत नाही असं बऱ्याच तपासण्यांत दिसलं. आणि इथंच आपली फसगत होते. ॲझॉक्सिस्ट्रोबिन, क्रेसॉक्झिम-मिथाईल, पायराक्लोस्ट्रोबिन, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन, डबे चार, रंग चार, गट एकच. एकाला न बधणारी बुरशी चौघांना बधत नाही. डायमेथोमॉर्फ आणि मॅन्डिप्रोपामिड यांचंही तसंच, दोन्ही एकाच गटातली. डब्यावरचं मोठं नाव वाचू नका, खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचा. कंपन्यांनी ते अक्षर डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सोयीसाठी इतकं बारीक ठेवलंय की काय कोण जाणे. ॲझॉक्सिस्ट्रोबिनचा गट हंगामात दोनदा, फार तर तीनदा, आणि तोही मॅन्कोझेबसारख्या जोडीदाराबरोबरच. आणि बाग पांढरी झाल्यावर नाही. एका तेलकट डागातून हजारो बीजाणू सुटतात. जितके बीजाणू, तितक्या वेळा त्या यंत्राची दांडी ओढली जाते.

गंमत म्हणजे हाच १४३ चा बदल सोयाबीनच्या तांबेऱ्याला जमत नाही. त्याच्या जनुकात त्या जागेला लागूनच एक जोड आहे. अक्षर बदललं तर जोड नीट जुळत नाही, प्रथिन बनत नाही, बुरशीच मरते. किंमत म्हणजे थेट जीव. दुसऱ्या जागी सौम्य बदल करून तांबेरा थोडाफार वाचतो, म्हणून तिथंही नुसत्या औषधावर विसंबू नये. कसबे डिग्रजला तयार झालेला फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, तांबेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देतो.

वेळ संपत आली, बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, राहिलंच. बोर्डोतलं तांबं बुरशीच्या अनेक प्रथिनांवर एकाच वेळी घाव घालतं, त्यामुळं एका अक्षराच्या बदलानं सुटका नाही. १८८५ पासून ते टिकून आहे ते यामुळंच. छाटणीनंतर लगेच, ओलांड्यावर (वेलाच्या आडव्या फांदीवर) आणि खोडावर, एक टक्क्याचं: मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी १०० लिटर. मोरचूद ५० लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या पिंपात विरघळवा, लोखंडी भांडं अजिबात नको. चुना वेगळा विरवून, थंड करून, गाळून ५० लिटर करा. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, उलटं नको, आणि काठीनं ढवळत राहा. चकचकीत विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी थोडी चुन्याची निवळी घाला, नाहीतर कोवळी फूट करपेल. त्यात दुसरं कुठलं औषध मिसळू नका. आणि त्याच दिवशी संपवा; रात्रभर ठेवलं की कण मोठे होऊन तळाला बसतात, पानाला चिकटत नाहीत आणि नोझल तुंबतं ते वेगळंच. नमस्कार.