प्रोजेक्टला गिऱ्हाईक हवं

(दृश्य : कॉलेजसमोरचं झेरॉक्सचं दुकान. भर दुपार.)

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत कॉलेजांसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टचा अहवाल छापून बांधून घ्यायला पेन ड्राइव्ह घेऊन ताटकळत असतात. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं, आत हिरवट-पिवळे पुठ्ठे. पोरांच्या भाषेत ही ‘ब्लॅक बुक’. ऋणनिर्देशाचं पान दुकानातल्या कॉम्प्युटरवर तयारच सापडतं; सरांचं नाव तेवढं बदलायचं.

मग तोंडी परीक्षा. “हा विषय का निवडला?” “सर, आवड होती म्हणून.” दोन-चार प्रश्न, सही, शिक्का. ब्लॅक बुक कपाटात जाते आणि कपाटाला कुलूप लागतं.

पोरं आळशी आहेत म्हणून हे होतं, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आमचं म्हणणं वेगळं आहे. त्या पुस्तकाची परीक्षकाखेरीज कुणीच वाट पाहत नाही. ज्या कामाला गिऱ्हाईक नाही, ते काम कोण मन लावून करेल?

(दृश्य : पुणे महामार्गावरचा केगावचा विद्यापीठ परिसर.)

पदवीच्या शेवटी विद्यार्थ्याने आजवरचं शिकणं एकत्र आणून एक मोठं काम उभं करावं, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बॉयर आयोगाने 1998 साली पदवी शिक्षणावर अहवाल दिला, त्यातली एक शिफारस हीच होती. तिथे याला ‘कॅपस्टोन’ म्हणतात. पोर्टलंड स्टेट विद्यापीठात वेगवेगळ्या शाखांची मुलं एका गटात येतात आणि शहरातल्या एखाद्या संस्थेसाठी काम करतात. ‘ज्ञान शहराच्या कामी येऊ दे’ अशा अर्थाचं त्या विद्यापीठाचं ब्रीद आहे. आपल्याकडे राज्य सरकारने आयआयटी मुंबईच्या साथीने 2016 मध्ये ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केलं. पिण्याच्या पाण्यासारख्या स्थानिक प्रश्नांवर इंजिनिअरिंगच्या मुलांनी गावात जाऊन अभ्यास करावा, हा त्यामागचा विचार.

आता नवं शैक्षणिक धोरण आलंय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मोजलेले श्रेयांक) आहेत, चार वर्षांच्या ऑनर्सला 160. चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ करणाऱ्याला 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे. पण त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात. कागदावर चांगलं दिसतं. पण जी मुलगी सकाळी कॉलेज करते आणि दुपारनंतर दुकानात उभी राहते, ती बहुधा तिसऱ्या वर्षीच पदवी घेऊन निघते. खरं मोठं काम चौथ्या वर्षासाठी राखून ठेवलं, तर ते अशा मुलांच्या वाट्याला येणारच नाही. म्हणून ते तिसऱ्या वर्षात, सगळ्यांसाठी हवं.

आणि त्यासाठी सोलापुरासारखी जागा शोधून मिळणार नाही. इथलं सोलापूर विद्यापीठ 2004 साली स्थापन झालं ते एकाच जिल्ह्यासाठी. म्हणजे विद्यापीठाची हद्द आणि जिल्ह्याची हद्द एकच. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटरची पाइपलाइन कापून शहरात येतं आणि तरीही नळाला रोज येत नाही, हा एक विषय. विडी वळणाऱ्या बायकांचे हात, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, डाळिंबाच्या बागा, नान्नजचं माळढोक अभयारण्य. विषयांना तोटा नाही. तरी मुखपृष्ठावर छापलेलं असतं : ‘सोलापुरातील यंत्रमाग उद्योगाच्या समस्या : एक अभ्यास’. एवढा विषय पेलायला एक आयुष्यही पुरायचं नाही. पोरांना मिळतात तीन महिने.

(दृश्य : अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागांचा खडखडाट. निवेदन आवाजावर.)

हाच विषय लहान करून पाहू. समजा, पाच जणांचा एक गट आहे. कॉमर्सचे दोघं, संख्याशास्त्राचा एक, फिजिक्सचा एक आणि समाजशास्त्राची एक मुलगी. जागा : चादरीचा एक कारखाना, आठ माग. प्रश्न : एका पाळीत माग किती मिनिटं बंद राहतात, आणि कशामुळे?

बस्स, एवढाच प्रश्न. पण तो कारखानदाराचा आहे आणि मागवाल्याचाही आहे, कारण मजुरी नगावर मिळते. माग थांबला की दोघांचंही नुकसान.

पहिल्या दिवशी वही बाहेर काढायची नाही. शेडमध्ये कुणी वही-घड्याळ घेऊन उभं राहिलं, की कामगाराच्या मनात पहिली शंका येते, ‘हे आपली मजुरी कापायला मोजतायत.’ ती शंका चुकीची आहे असं गृहीत धरू नये. आकडे कुणाला दाखवणार, नावं लिहिणार की नाही, हे आधी त्यालाच सांगायचं. तेही शक्यतो तेलुगूत, कारण इथले बरेच मागवाले घरी तेलुगू बोलतात. शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी एखादी मुलगी गटात असेल, तर त्या दिवशी गटात सगळ्यांत जास्त तिलाच कळतं. वर्गात आजवर तिची ही भाषा कुणी विचारलेली नसते.

मग वही. वेळ, मागाचा नंबर, कारण. दिवसअखेर पाहिलं तर ‘कारण’ या रकान्यात ओळीने एकच उत्तर : धागा तुटला, धागा तुटला, धागा तुटला. वही निरुपयोगी. मागवाला हसतो आणि विचारतो, “कुठला धागा? ताण्याचा का बाण्याचा?”

खरा अभ्यास इथे सुरू होतो. ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, बाणा म्हणजे आडवा धागा. बाण्याचा धागा वरचेवर तुटत असेल, तर कांडी (सूत गुंडाळलेली नळी) नीट भरली गेलीय का, ती आडवी नेणारा धोटा झिजलाय का, ते पाहावं लागतं. ताण्याचा तुटत असेल, तर सूत कसलं आहे, त्याला खळ (धाग्याला बळकटी देणारी कांजी) कशी बसलीय, इथपर्यंत मागे जावं लागतं. आणि एक गोष्ट कारखान्याच्या हिशेबवहीत सहसा सापडत नाही. हवा कोरडी झाली की सुती धागा कडक होतो आणि जास्त तुटतो. म्हणजे फिजिक्सवाल्याने आर्द्रतामापक टांगला, तर जानेवारीतले आकडे आणि एप्रिलमधले आकडे शेजारी ठेवता येतात. कॉमर्सवाले बंद मिनिटांचा रुपयांत हिशेब करतात. संख्याशास्त्रवाला अडवून विचारतो, “चार दिवसांच्या नोंदीवरून तू वर्षाचा हिशेब कसा काय मांडलास?” भांडण होतं. व्हायलाच पाहिजे.

(दृश्य : स्टाफरूम. फळ्यावर सहा सत्रांचा तक्ता.)

पण सहाव्या सत्रात अचानक पोरांना शेडमध्ये सोडलं, तर हे जमणार नाही. पाच सत्रं ज्याने फक्त ‘टिपा लिहा’ केलंय, त्याला अनोळखी माणसाला प्रश्न विचारता येत नाही. मग तो इंटरनेटवरून प्रश्नावली उतरवतो. म्हणून आखणी शेवटाकडून करावी लागते. शेवटी काय यायला हवं? मोजणं, ऐकणं, तक्ता मांडणं, दोन पानांत सरळ लिहिणं. मग फळ्यावर मागे मागे जायचं. दुसऱ्या सत्रात एक मुलाखत. तिसऱ्यात एक मोजणी, मग ती आपल्या गल्लीत पाणी कधी आलं याची महिनाभराची नोंद का असेना. चौथ्यात दुसऱ्याच्या नोंदीतल्या चुका शोधणं. क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग, कार्यप्रशिक्षण अशी खाती नव्या आराखड्यात आहेतच. अडचण एवढीच, की प्रत्येक खात्याचा वेगळा सोपस्कार होतो आणि कुणाचा कुणाला पत्ता नसतो.

तासांचंही बोलायला हवं. क्षेत्रकामाच्या एका क्रेडिटला सत्रात साधारण 30 तास धरतात. चार क्रेडिट म्हणजे 120. आमच्या मते यातले 15 तास नुसता प्रश्न लहान करण्यात घालवावेत, 40 शेडमध्ये, 30 तक्त्यांशी झटापट करण्यात, 25 लिहिण्यात. उरलेले 10 तास, जे सहसा कुणीच धरत नाही, ते निष्कर्ष घेऊन परत शेडमध्ये जाण्यासाठी. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आहे आणि त्या आठवड्यात कुणी फिरकणार नाही, हेही वेळापत्रकात आधीच लिहून टाकलेलं बरं.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. हे सगळं करून घेणार कोण? कॉलेजांत कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना पैसे मिळतात ते वर्गात घेतलेल्या तासाचे. एमआयडीसीत पोरांबरोबर घालवलेल्या दुपारीचा हिशेब कुठेच होत नाही. आणि एका गाइडकडे डझनभर गट असले, तर तो काय वाचणार? प्राध्यापकाच्या कामाच्या तासांत मार्गदर्शनाचे तास धरले जात नाहीत, तोवर वर सांगितलेलं निम्मं कागदावरच राहील. यावर आमच्याकडे उपाय नाही. फक्त एवढं वाटतं, की गट कमी करून मिश्र शाखांचे करावेत, म्हणजे दोन विभागांच्या प्राध्यापकांना भार वाटून घेता येईल.

गुणांचं मात्र आजही बदलता येतं. बांधलेल्या पुस्तकाला थोडे गुण ठेवा. कच्च्या वहीला जास्त द्या, त्यातल्या खाडाखोडीसकट. कारण ती वही झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाही. गटाचे गुण वेगळे, प्रत्येकाचे वेगळे, नाहीतर एक राबतो आणि चौघं सही करतात. आणि तोंडी परीक्षेला टेबलाच्या पलीकडे ज्याचा प्रश्न होता त्याला बसवा.

(दृश्य : रिकामी खोली, एक टेबल, चार खुर्च्या.)

एका खुर्चीवर बाहेरचे परीक्षक, दुसरीवर गाइड, तिसरीवर कारखानदार आणि चौथीवर मागवाला, ज्याची त्या दिवसाची मजुरी कॉलेजने भरून द्यायची. पडद्यावर तक्ता लागलाय. परीक्षक विचारतील, संदर्भसूची कुठल्या पद्धतीने दिली? कारखानदार विचारेल, सूत बदललं तर किती वाचतील? आणि मागवाला विचारेल, “ही मोजणी दिवसपाळीची का रातपाळीची? रात्री माग जास्त थांबतात.”

गटाने रातपाळी मोजली नसेल, तर तसं सांगावं आणि गुण मिळवावेत. पुढच्या वर्षीच्या गटाचा प्रश्न ठरला.