एफ-४ : वर काढली म्हणूनच कारण कळलं

नमस्कार मंडळी. आज ज्या पाणबुडीबद्दल बोलायचंय तिची नेव्हीतली नोकरी धड दोन वर्षंसुद्धा झाली नाही. अमेरिकन नेव्हीची एफ-४. ३ मे १९१३ ला ती कमिशन झाली, म्हणजे रीतसर नेव्हीच्या सेवेत दाखल झाली, आणि २५ मार्च १९१५ ला हवाईमधे होनोलुलूच्या बाहेर बुडाली, आतल्या २१ जणांसकट. कमिशन झालेली अमेरिकन पाणबुडी समुद्रात गेली आणि परत आलीच नाही असं पहिल्यांदाच घडलं. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, शत्रू नव्हता, वादळ नव्हतं, रोजच्यासारखी सकाळची प्रॅक्टिस होती. मग झालं काय, आणि जे झालं ते आपल्याला आज ठाऊक कसं, हे दोन प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात, त्यातही दुसरा जास्त.

आधी बोटीची ओळख करून देतो. सिएटलच्या मोरन कंपनीत ती बांधली. तिचं मूळ नाव 'स्केट', त्या काळी अमेरिकन पाणबुड्यांना माशांची वगैरे नावं द्यायचे, पण नोव्हेंबर १९११ मधे सगळ्यांची नावं बदलून अक्षर आणि नंबर केले आणि स्केटची एफ-४ झाली. जानेवारी १९१२ ला पाण्यात उतरवली. लांबी साधारण १४२ फूट, रुंदी १५ फुटांच्या थोडी वर, वजन पाण्यावर असताना ३३० टन. पुढे चार टॉर्पेडो ट्यूब. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्या माझगाव डॉकमधे बांधलेली आजची आयएनएस कलवरी २२० फुटांच्या आसपास आहे आणि वजनाला हिच्या चौपटीहून जास्त. तर अशा लहानशा नळीत वीस-बावीस माणसं, दोन डिझेल इंजिनं, मोटर, बॅटऱ्या, टॉर्पेडो, सगळं कोंबलेलं. डिझेल हीसुद्धा तेव्हा अमेरिकन पाणबुड्यांमधे नवी गोष्ट होती, त्याआधीच्या बोटी पेट्रोलवर चालायच्या आणि पेट्रोलच्या वाफेनं आतल्या माणसांना गरगरायचं, त्यामुळं एफ क्लास, म्हणजे एफ-१ ते एफ-४ या एकाच गटातल्या चार बोटी, त्या मानानं सुधारलेल्या होत्या हे लक्षात घ्या. भंगार बोटीवर माणसं पाठवली असा हा प्रकार नव्हता.

कमिशन झाल्यावर पहिलं वर्ष तिनं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला काढलं, सॅन फ्रान्सिस्को ते सॅन डिएगो, पॅसिफिकच्या टॉर्पेडो फ्लोटिलाबरोबर, म्हणजे तिथल्या लहान बोटींच्या ताफ्याबरोबर. खाली जा, वर ये, टॉर्पेडो सोडायचा सराव, दुरुस्ती, परत सराव. ऑगस्ट १९१४ मधे चारही एफ बोटी हवाईला नेल्या, मोठ्या जहाजांनी टो करून, कारण एवढं अंतर त्यांच्या इंजिनांच्या भरवशावर पार करणं शक्य नव्हतं. होनोलुलूत 'अलर्ट' नावाचं जुनं जहाज त्यांचं टेंडर होतं, म्हणजे पाणबुडीचं सामान, दुरुस्ती, लोकांची राहायची सोय सगळं त्या जहाजावर.

२५ मार्चला सकाळी एफ-१, एफ-३ आणि एफ-४ अशा तीन बोटी बंदराबाहेर पडल्या. एफ-४ वर कमांडर होता लेफ्टनंट आल्फ्रेड ईड. दोन परत आल्या, तिसरी आली नाही. शोधायला गेलेल्यांना पाण्यावर तेलाचा तवंग आणि खालून येणारे हवेचे बुडबुडे दिसले, बंदराच्या तोंडापासून फार लांबही नाही. खोली किती तर तीनशे फुटांच्या वर, आणि बोट डिझाइन केलेली दोनशे फुटांसाठी.

तीनशे फुटांवर पाण्याचा दाब वरच्या हवेच्या नऊ पट होतो, हवेचा स्वतःचा धरला तर दहा पट. आतली माणसं जिवंत असतील या आशेवर पहिले काही दिवस टगबोटींनी तारा टाकून बोट उथळ पाण्याकडे ओढायची धडपड झाली. नाही जमलं. माणसं वाचण्याची आशा संपली. इथे नेव्ही म्हणू शकली असती की झालं ते झालं, समुद्रात गेलेल्यांना समुद्रातच राहू द्या, आणि त्या काळात तसं म्हटलं असतं तर कुणी फार बोललंही नसतं, कारण एवढ्या खोलीवरून जहाज वर काढायचा प्रकार तोपर्यंत कुणी केलेलाच नव्हता. पण त्यांनी ठरवलं की बोट वर काढायची. मला या सगळ्या कहाणीत सगळ्यात मोठा वाटतो तो हा निर्णय.

न्यूयॉर्कहून डायव्हरची एक टीम मागवली. ही टीम तयार होती यामागेही एक माणूस आहे, जॉर्ज स्टिलसन नावाचा गनर. काही वर्षं आधीपर्यंत अमेरिकन नेव्हीचे डायव्हर साठ फुटांच्या खाली क्वचितच जायचे. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेननं १९०८ मधे दाखवून दिलं होतं की डायव्हरला टप्प्याटप्प्यानं थांबवत वर आणलं तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि माणूस लुळा होत नाही. कुठल्या खोलीवर किती वेळ थांबायचं याचे तक्ते हॉल्डेननं बनवले होते, स्टिलसननं मागे लागून त्यांच्या चाचण्या सुरू करून घेतल्या, आधी जमिनीवरच्या टाक्यांमधे, मग लाँग आयलंड साउंडच्या खुल्या पाण्यात, आणि तीन वर्षांत त्याचे डायव्हर २७४ फुटांपर्यंत पोचले. म्हणजे एफ-४ बुडाली तेव्हा ही विद्या जेमतेम हातात आलेली होती. पाच वर्षं आधी बुडाली असती तर खाली जाणारं कुणी नव्हतं.

आता डायव्हर म्हटलं की आजचं चित्र डोळ्यासमोर आणू नका. जाड कॅनव्हासचा सूट, तांब्याचं हेल्मेट, शिशाचे बूट, वरून पंपानं येणारी साधी हवा, एक नळी आणि एक दोर. तीनशे फुटांवर साधी हवा घेतली की नायट्रोजनमुळं डोकं दारू प्यायल्यासारखं होतं, पण हे नायट्रोजनमुळं होतं हे शास्त्रज्ञांनी सांगितलं १९३५ च्या सुमारास, तेव्हा या लोकांना इतकंच कळायचं की खाली गेलं की नीट विचार करता येत नाही. आणि अशा अवस्थेत त्यांनी तारा, साखळ्या आणि बोटीचा अंदाज घ्यायचा होता. फ्रँक क्रिली ३०४ फुटांवर पोचला, तेवढं खोल तोपर्यंत कुणी गेलं नव्हतं.

१७ एप्रिलला विल्यम लॉकमन नावाचा डायव्हर काम संपवून वर येत होता आणि २५० फुटांवर त्याचा दोर आणि हवेची नळी, दोन्ही एका जाड तारेत अडकले. वरही येता येईना, खालीही जाता येईना. पाण्याखालचा प्रत्येक जास्तीचा मिनिट म्हणजे शरीरात आणखी नायट्रोजन, आणि तो गुंता सुटायला किती वेळ लागेल याचा काही नेम नाही. क्रिली म्हणाला मी जातो, सूट चढवला आणि उतरला. गुंता सोडवला, लॉकमन जिवंत वर आला, आणि क्रिली स्वतः वर आला तो २ तास ११ मिनिटांनी. अंधुक पाण्यात, जड हातमोज्यांनी, धड विचार करता येत नसताना, दुसऱ्याची नळी तुटू न देता तारेतून मोकळी करायची, त्याच वेळी स्वतःची अडकू द्यायची नाही. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेन, दर वेळी छातीत धडधडतं.

बोट उचलायची पद्धत ठरवली ती नेव्हल कन्स्ट्रक्टर, म्हणजे नेव्हीचा जहाजबांधणी इंजिनियर, ज्युलियस फ्युररनं. पहिल्यांदा दोन मोठे तराफे, त्यावर गरागरा फिरणारे विंच, त्यांच्या तारा आणि साखळ्या बोटीखालून घातलेल्या. बोट तळापासून थोडी उचलायची, तराफ्यांसकट किनाऱ्याकडे सरकवायची, तळ वर आला की ती टेकणार, मग तारा आखूड करायच्या, परत उचलायची, परत सरकवायची. असं करत करत तीनशे फुटांवरून पन्नास फुटांच्या आसपास आणली. पण समुद्राची लाट थांबत नाही, तराफा वरखाली होतो आणि त्याबरोबर साखळी बोटीच्या पत्र्याला कापत जाते, बोट इतकी कमजोर झाली की असंच चालू ठेवलं तर दोन तुकडे होतील. मग फ्युररनं सहा पाँटून बनवून घेतले, कॅलिफोर्नियात मेअर आयलंडला, आणि ते ऑगस्टमधे 'मेरीलँड' क्रूझरवरून होनोलुलूला आले. पाँटून म्हणजे मोठे पोकळ लोखंडी पिंप. पाणी भरून ते बोटीच्या दोन्ही बाजूंना बुडवायचे, साखळ्यांनी जोड्या बांधायच्या, मग आत हवा सोडून पाणी बाहेर काढलं की सगळे मिळून बोटीला उचलतात. २९ ऑगस्ट १९१५ ला एफ-४ वर आली आणि तिथून ड्राय डॉकमधे, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडं करता येतं अशा गोदीत. पाच महिने लागले.

आणि ड्राय डॉकमधे काय सापडलं? बॅटरीच्या टाकीचं शिशाचं अस्तर खाल्लेलं होतं.

हे जरा सावकाश सांगतो कारण सगळा मुद्दा इथेच आहे. पाण्याखाली डिझेल चालवता येत नाही, हवा कुठून आणणार, त्यामुळं पाणबुडी खाली असताना बॅटरीवर चालते. ती बॅटरी म्हणजे आपल्या घरातल्या इन्व्हर्टरची असते तशीच, शिसं आणि गंधकाचं ॲसिड. आजच्या कलवरीतसुद्धा लेड-ॲसिडच आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीखालचा लोखंडी स्टँड दोन-चार वर्षांत कसा सोलून निघतो बघितलं असेल तुम्ही, चार्जिंग होताना ॲसिडचे बारीक तुषार उडतात, कुठे एखादा थेंब सांडतो, आणि लोखंड हळूहळू जातं. एफ-४ मधे माणसं वावरायची त्या जागेच्या खालच्या टाक्यांमधे या बॅटऱ्या ठेवलेल्या, आणि टाकीच्या पोलादाला ॲसिड लागू नये म्हणून आतून शिशाचा पत्रा. तो पत्रा कुठेतरी फुटला की ॲसिड मागच्या रिव्हेटपर्यंत, म्हणजे पोलादी पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांपर्यंत, पोचतं. रिव्हेट खाल्ला गेला की समुद्राचं पाणी आत.

आणि खाली असलेल्या पाणबुडीचं वजन असं तोललेलं असतं की थोडं जास्तीचं पाणीसुद्धा तिला खाली ओढतं, खाली गेलं की दाब वाढतो, दाब वाढला की त्याच भोकातून पाणी आणखी जोरानं येतं. त्यात खारं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरीन वायू तयार होतो, त्या बंद जागेत. चौकशी मंडळानं निष्कर्ष काढला तो असा, की अस्तर गंजून समुद्राचं पाणी बॅटरीच्या भागात आलं आणि पाण्याखाली असताना कमांडरच्या हातून बोटीचा ताबा सुटला. लेफ्टनंट ईड किंवा त्याच्या माणसांची चूक झाली, चुकीचा व्हॉल्व्ह उघडला, घाबरले, असं काहीही म्हणायला लोकांना वाव मिळाला असता बोट तळाशी राहिली असती तर. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही आणि दोष त्याच्यावर ढकलणं फार सोपं असतं. एफ-४ वर आली म्हणून त्या २१ जणांवर तो डाग राहिला नाही.

मुंबईकरांना हे परकं वाटू नये. १४ ऑगस्ट २०१३ ला आपल्या नेव्हल डॉकयार्डात सिंधुरक्षक स्फोट होऊन बुडाली, १८ जण गेले, आणि जून २०१४ मधे ती पाण्यातून वर काढली तेव्हासुद्धा महिनोन् महिने डायव्हरांनी गढूळ पाण्यात काम केलं होतं. बुडालेली बोट वर काढणं हे आजही सोपं झालेलं नाही.

एफ-४ मधल्या २१ जणांपैकी फक्त चौघांची ओळख पटली. बाकीच्या १७ जणांना आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत एकत्र पुरलं. उरलेल्या तीन एफ बोटी त्याच वर्षी परत अमेरिकेच्या किनाऱ्याला नेल्या. त्यातली एफ-१ डिसेंबर १९१७ मधे सॅन डिएगोजवळ एफ-३ शी टक्कर होऊन बुडाली, १९ माणसं गेली. त्या दिवशी होनोलुलूहून सकाळी निघालेल्या तीन बोटींमधल्याच या दोन.

फ्युररची पाँटूनची पद्धत मात्र टिकली, पुढे सुधारत गेली. १९२६ मधे एस-५१, १९२८ मधे एस-४ आणि १९३९ मधे स्क्वालस, तिन्ही पाणबुड्या पाँटून लावूनच वर आणल्या. १९१५ मधेच नेव्हीनं ऱ्होड आयलंडमधे न्यूपोर्टला डायव्हिंगचं स्कूल काढलं. क्रिली हाडाचा डायव्हर, तो एस-५१ आणि एस-४ च्याही कामावर खाली उतरला, आणि लॉकमनला सोडवल्याबद्दलचं मेडल ऑफ ऑनर त्याला प्रेसिडेंट कूलिज यांच्या हातून मिळालं ते १९२९ मधे, चौदा वर्षांनी.