पंचेचाळीस दिवसांची धारा

(दृश्य: इचलकरंजी. मागाची शेड. धोट्याची ये-जा जवळून. खडखडाट पूर्ण आवाजात, मग हळूहळू कमी.)

साधा माग. धोटा या टोकाहून त्या टोकाला गेला, म्हणजे एक पिक. कापडाच्या एका इंचात असे किती पिक बसले, त्यावर मजुरी. समजा भाव मीटरमागे, इंचातल्या दर पिकाला 10 पैसे आहे आणि कापड 52 पिकाचं आहे, तर मीटरला 5 रुपये 20 पैसे. त्यातच वीजबिल आलं, कामगार आला, धोट्याच्या कांड्या भरणारी कांडीवाली आली, माग दुरुस्त करणारा जॉबर आला, शेडचं भाडंही आलं.

(दृश्य: टेम्पोतून बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, उतरवताना चार माणसं.)

विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये इथे पहिला यंत्रमाग बसवला. पुढे गाव मागांवरच वाढलं. पण इथले कितीतरी मागवाले स्वतःचं सूत घेत नाहीत. व्यापारी सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमधून बीम पाठवतो, बाण्याचं म्हणजे आडवं सूत देतो आणि विणलेलं कापड उचलून नेतो. मागवाल्याला मिळते ती मजुरी. अशा मागवाल्याला इथे खर्चीवाला म्हणतात.

(दृश्य: पेढीवर कापड उलगडलेलं. पितळी भिंगाखाली धागे मोजणारं बोट.)

भिंग कापडावर ठेवायचं, सुईच्या टोकाने धागे मोजायचे. दोन पिक कमी निघाले की मजुरीत काट. डाग दिसला की काट. मोजणी इतकी काटेकोर, आणि पैसे कधी? "पुढच्या आठवड्यात बघू." बाजारात या मुदतीला पेमेंटची धारा म्हणतात. धारा ठरवतो व्यापारी, आणि लांबवतोही तोच.

(दृश्य: बिलबुक. तारखेच्या रकान्यावर कॅमेरा थांबतो.)

याला कायद्याचं उत्तर 2006 पासून आहे. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो की लेखी करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्या. करार असेल तर त्यातली मुदत पाळा, पण ती 45 दिवसांपुढे जाता कामा नये. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मालात खोट असेल तर व्यापाऱ्याने 15 दिवसांत लेखी कळवायचं. नाही कळवलं, तर माल स्वीकारला असंच धरलं जातं. महिन्यानंतर फोनवर "तुमच्या ताग्यात डाग होते" म्हणण्याला कायद्यात जागा नाही.

हे सगळं होतं, पण ते मिळवायला खर्चीवाल्याने तक्रार करायची. तक्रार कोणाविरुद्ध? ज्याच्या बीमवर उद्या माग चालायचा आहे, त्याच्याविरुद्ध.

(दृश्य: कर सल्लागाराचं ऑफिस. फायलींचे गठ्ठे, संगणकाचा पडदा.)

2023 च्या वित्त कायद्याने एक छोटी भर घातली. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 43ब मध्ये पोटकलम 'एच' आलं. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर व्यापाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येणार नाही. ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष द्याल, त्या वर्षी वजावट घ्या.

पडद्यावरचा हिशोब बघा. एका भागीदारी पेढीने 45 दिवसांचा लेखी करार करून 1 फेब्रुवारी 2025 ला कापड स्वीकारलं. मजुरी 10 लाख. मुदत संपली 18 मार्चला. 31 मार्चपर्यंत पैसे गेले नाहीत, तर ते 10 लाख पेढीच्या उत्पन्नात धरले जातात. 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे 3 लाख 12 हजार रुपये. बोनस किंवा जीएसटी थकला असेल तर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरून वजावट वाचवता येते. इथे ती सवलत नाही.

मात्र जूनचं बिल नोव्हेंबरात दिलं, तर वर्ष तेच असल्याने वजावट शाबूत राहते. या कलमाचा चावा मार्चअखेरचाच. तरीही मार्चमध्ये पेढ्यांवरून फोन येतात, "उद्यमचं प्रमाणपत्र पाठवा." उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. कोणे एके काळी हे फोन उलट दिशेने जायचे.

(दृश्य: मोबाईलवर उद्यम नोंदणी. आधार क्रमांक झाकलेला.)

उद्यम नोंदणीला शुल्क नाही. ती ऑनलाईन आणि आधारवर होते. पण माल देण्याआधीच केलेली बरी. एप्रिल 2025 पासून 10 कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत यंत्रसामग्री असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो. बहुतेक खर्चीवाले यात सहज बसतात. नोंदणी क्रमांक बिलाच्या वरच छापून घ्यावा, म्हणजे "आम्हाला माहीत नव्हतं" हे उत्तर उरत नाही. मध्यम उद्योग आणि नुसती खरेदी-विक्री करणारे व्यापारी या संरक्षणाबाहेर आहेत.

नोंदणी नसलेल्याकडे काम वळवणं, नोंदणी रद्द करायला सांगणं, हेही बाजारात घडलं. 2024 च्या सुरुवातीला व्यापारी संघटनांनी कलम पुढे ढकलण्याची मागणी केली होती. ते ढकललं गेलं नाही.

(दृश्य: पाळी बदलताना शेडबाहेर पडणारे कामगार.)

मागवालाही कोणाचा तरी देणेकरी असतो. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरला नाही, तर मार्च 2026 पर्यंतच्या वर्षांसाठी त्या रकमेची वजावट कायमची जायची. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये तसा निकाल दिला. ज्या शेडमध्ये हजेरीपटच नाही, तिथे पीएफही नाही.

(दृश्य: पुन्हा कर सल्लागार. छापील 3सीडी नमुना.)

पेढीचं करलेखापरीक्षण होत असेल, तर या नमुन्यात मुदतीबाहेर थकलेली रक्कम लिहावी लागते. ती लिहितो व्यापाऱ्याचाच ऑडिटर. खर्चीवाल्याला त्यासाठी कुठे अर्ज द्यावा लागत नाही, कोणाचं नाव घ्यावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी बीम यायचं ते येतं.