हिरवी पट्टी हलते का?

(इंदूरमधल्या एका वाचनालयात ज्येष्ठ सभासदांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. विषय : घरच्या कॉम्प्युटरचा आवाज जातो तेव्हा)

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेत येतोय ना आवाज? येतोय. सुटलो. आजच्या दिवशी या माइकनं दगा दिला असता तर तुम्ही मला जन्मभर सोडलं नसतं.

ओळख करून देताना मला ‘संगणकतज्ज्ञ’ म्हटलं गेलं. ते तेवढं मागे घ्या. माझी नोकरी आकाशवाणीत झाली, इथेच, मालवा हाउसला. १९५५ साली सुरू झालेलं केंद्र. मीडियम वेव्हवर ६४८ किलोहर्ट्झ. बघा, आकडा ऐकल्याबरोबर तिकडे दोघा-तिघांच्या माना हलल्या. कॉम्प्युटर माझ्या आयुष्यात उशिरा आला, पण ‘आवाज गेला, आता काय?’ हा प्रश्न आमच्या रोजच्या पोटापाण्याचा होता.

तिथे एक शिस्त होती. आवाज स्टुडिओतून निघतो, कंट्रोल रूममध्ये येतो, तिथून लाइननं ट्रान्समीटरकडे जातो. वाटेत ठिकठिकाणी मीटर. आवाज गेला की पहिला प्रश्न एकच, काटा कुठपर्यंत हलतोय? या टेबलावर हलतोय आणि पुढच्या टेबलावर मेलाय, म्हणजे भानगड या दोन टेबलांच्या मधे. मग तिथली पॅच कॉर्ड बघा, जॅक बघा. लाइन बंद पडली म्हणून स्टुडिओची भिंत पाडा, असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

आणि कधीकधी आवाज गेलेलाच नसायचा. आमच्या आधीच्या पिढीतले लोक एक किस्सा सांगायचे. रात्री उस्ताद अमीर खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण लागलेलं. आपल्या इंदूरचे खाँसाहेब, त्यांचा विलंबित झुमरा तुम्हाला मी काय सांगणार. चौदा मात्रांचं एक आवर्तन संपेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हावा. मधे ते थांबले. तेवढ्यात ड्यूटी रूमचा फोन वाजला. “साहेब, आवाज बंद झाला का?” ड्यूटीवरचे म्हणाले, “नाही, खाँसाहेब समेवर येताहेत, फोन ठेवू नका.” आणि रेडिओवर सम आली. तो गृहस्थ “वा!” म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. खरं-खोटं देव जाणे, पण सांगायचे मात्र फार रंगवून.

तर विषय. मूळ मुद्द्याकडे मी येणारच आहे, पण त्याआधी एक तक्रार आहे, ती पोटात ठेवून मला बोलता येणार नाही.

ती तक्रार म्हणजे ‘फॉरमॅट’, विंडोजचा भाग सगळा पुसायचा आणि विंडोज नव्यानं बसवायचं. या शहरात कॉम्प्युटरची कुठलीही व्यथा घेऊन दुकानात जा. मशीन हळू चालतंय? “अंकल, फॉरमॅट मारना पड़ेगा.” इंटरनेट अडकतंय? “फॉरमॅट.” आवाज येत नाही? मुलगा कॅबिनेटकडे बघतसुद्धा नाही, तुमच्याकडे बघतो, आणि तोच निकाल. नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी काय करतो? आज आपला पाण्याचा दिवस आहे का ते आठवतो, शेजारच्यांकडे आलंय का विचारतो, मग कॉक बघतो. थेट नर्मदेवर जाऊन शहराला पाणी पाठवणारे जलूदचे पंप उपटत नाही. पण कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण गुमान मान डोलावतो आणि म्हणतो, “किती होतील भिया?”

सुदामानगरातल्या एका काकूंची गोष्ट सांगतो. दुकान कुठलं, बाजार कुठला, विचारू नका, सांगणार नाही. काकूंचं सकाळचं एक वेळापत्रक आहे. पूजा, पोहे आणि मग कॉम्प्युटरवर कीर्तन. दिवाळीत पुण्याच्या मुलानं नवीन मॉनिटर पाठवला, मोठा, चकचकीत. शेजारच्या मुलानं जोडून दिला. चित्र सुरेख. बुवा हातवारे करताहेत, झांजा हलताहेत, टाळकरी माना डोलावताहेत, आणि आवाज शून्य.

कॅबिनेट दुकानात गेलं. निकाल ठरलेला होता, विंडोज करप्ट, फॉरमॅट. त्यानं केलं, आपल्या टेबलावर गाणं लावून दाखवलं, दणदणीत आवाज. काकूंनी पैसे दिले. घरी येऊन जोडलं, तर बुवा पुन्हा मुके. परत दुकान. तिथे पुन्हा ठणठणीत आवाज. आता दुकानदारानं काकूंच्या घरच्या ‘लाइट’वर संशय घेतला. पुढे मदरबोर्ड बदलायची भाषा सुरू झाली, तेव्हा त्यांनी मला फोन केला.

आता इथे जरा थांबा आणि रेडिओवाल्यासारखा विचार करा. दुकानात आवाज येतो, घरी येत नाही. दोन्हीकडे कॅबिनेट तेच. बदललं काय? मॉनिटर! दुकानाच्या टेबलावर जुना मॉनिटर, निळ्या डोक्याच्या व्हीजीए केबलवर. ती केबल फक्त चित्र नेते. घरचा नवा मॉनिटर एचडीएमआयवर, आणि एचडीएमआय चित्राबरोबर आवाजही नेते, २००२ साली ती निघाली तेव्हापासून. त्यामुळे विंडोजनं मॉनिटर पाहिला आणि ठरवलं, आता आवाज इकडे पाठवायचा. त्या मॉनिटरला पाठीमागे इअरफोनचं एक भोक आहे, स्पीकर नाही. म्हणजे बुवांचं कीर्तन रोज सकाळी नियमानं मॉनिटरच्या त्या भोकापर्यंत जात होतं. ऐकणारं कोणी नव्हतं, एवढंच.

मी काकूंच्या मशीनवर आवाजाची जुनी खिडकी उघडली. त्यात आवाज बाहेर पडायच्या सगळ्या वाटांची यादी येते आणि प्रत्येकीच्या उजव्या अंगाला एक उभी पट्टी असते. मॉनिटरच्या नावापुढची पट्टी हिरवीगार, झांजेबरोबर वरखाली नाचत होती. खाली ‘स्पीकर्स’ लिहिलेलं, त्यापुढची पट्टी करडी, ढिम्म. स्पीकर्सवर उजवं बटण दाबून ‘सेट अॅज डिफॉल्ट डिव्हाइस’ केलं, म्हणजे आवाजाची नेहमीची वाट हीच असं ठरवून दिलं. कीर्तन सुरू. काकूंच्या हातातली चहाची कपबशी हिंदकळली, कारण आवाज न आल्यामुळे सगळे नॉब त्यांनी शेवटापर्यंत पिळून ठेवले होते.

हसा, पण पुढचं हसण्यासारखं नाही. काकांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, निवृत्तीनंतर घराण्याचा कुळवृत्तांत टाइप केला होता. होळकरांबरोबर माळव्यात आलेलं घराणं. मोडी कागद लावून घेतले, नावं जुळवली, गावं शोधली. ते सगळं डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये. आणि डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हमध्ये, हे लक्षात ठेवा. सी फॉरमॅट झाला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळं जातं. दुकानदारानं विचारलं होतं, “आंटी, डेटा तो नहीं है ना?” काकू म्हणाल्या, नाही. त्यांच्या लेखी डेटा म्हणजे मोबाइलचा. डी ड्राइव्हमध्ये एक जुनी प्रत होती, ती वाचली. ती उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा, कारण मजकूर युनिकोडच्या, म्हणजे मराठी सगळ्या मशीनवर सारखं दिसण्याच्या सोयीच्या, आधीच्या मराठी फाँटमध्ये, आणि फाँट फॉरमॅटमध्ये गेलेला. रामबागेतल्या एका छापखान्यात तो फाँट मिळाला, अक्षरं परत दिसली. शेवटची दुरुस्ती मात्र गेली ती गेलीच. आवाजासाठी! चार क्लिकच्या कामासाठी!

(अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. दिसलं मला.)

दुसरी तक्रार थोडक्यात, ती आपल्याच लेकरांची. मुलगा बेंगळुरूहून आपला कॉम्प्युटर रिमोटवर घेतो. पडद्यावर बाण सैरावैरा पळतो, खिडक्या उघडतात, मिटतात, आवाज येतो. विचारलं, काय केलंस रे? “झालं ना बाबा, बस.” झालं, पण कसं झालं ते सांगेना. पुढच्या वेळी पुन्हा त्याच्या मीटिंगा संपायची वाट बघत बसा.

जुन्या काळी हे लपवणं शक्यच नव्हतं. १९८१ च्या आयबीएम पीसीत एक लहानसा स्पीकर होता, तो पुंगीसारखा बीप वाजवे, संपलं. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं साउंड ब्लास्टर कार्ड काढलं आणि मग घराघरात आवाज आला. पण तसली कार्डं बसवणाऱ्याला जोडणीचे तीन आकडे पाठ लागायचे, पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १. गायत्री मंत्रासारखे पाठ असायचे. आता सगळं आपोआप होतं आणि म्हणून कोणालाच काही...

काय म्हणता? दहाच मिनिटं? अहो, मुख्य व्याख्यान अजून व्हायचंय! बरं, लिहून घ्या, भरभर सांगतो.

आधी कॉम्प्युटर ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करू नका. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तीत बंद करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवतात आणि सकाळी तोच पुन्हा उठवतात, कालच्या दुखण्यासकट. रीस्टार्टमध्ये मात्र तो खरोखर नव्यानं सुरू होतो.

तरी आवाज नाही? मग काहीतरी वाजत ठेवा, गाणं म्हणा, कीर्तन म्हणा. विंडोजची की धरून आर दाबा. चौकट येईल, तीत लिहा एम एम एस वाय एस, टिंब, सी पी एल. एंटर. हीच ती पट्ट्यांची खिडकी. विंडोज ७ असो, १० असो, ११ असो, ती आहे. ‘प्लेबॅक’ या पानावर बघा आणि स्वतःला एकच विचारा, हिरवी पट्टी हलते का, आणि कुणापुढची हलते?

भलत्याच नावापुढे हलते. हे सर्वांत जास्त आढळणारं दुखणं, काकूंचंच. मॉनिटर असेल, टीव्ही असेल, नाहीतर आतल्या खोलीत नातवाच्या कानात असलेला ब्लूटूथ इअरफोन असेल. हव्या त्या नावाला डिफॉल्ट करा. नाव यादीतच नसेल तर मोकळ्या जागेत उजवं बटण दाबून ‘शो डिसेबल्ड डिव्हायसेस’ला खूण करा, कधीकधी तिथे लपलेलं असतं.

स्पीकरपुढेच हलते, तरी ऐकू येत नाही. म्हणजे कॉम्प्युटरनं आपलं काम केलं, बिघाड त्याच्या बाहेर. आता विंडोजला हात लावायचा नाही, टेबलामागे वाका. मागची हिरवी वर्तुळाची खाच आवाज बाहेर जायची, गुलाबी माइकची, निळी आवाज आत घ्यायची. दिवाळीच्या साफसफाईत वायरी उपटल्या जातात आणि पिन गुलाबीत जाते. यूएसबीचे छोटे स्पीकर असतात, त्यांना बहुधा दोन वायरी. यूएसबीतून फक्त वीज मिळते, आवाज पिनेतून येतो. लाल दिवा लागला म्हणून लोक निर्धास्त आणि पिन टेबलामागे लोंबकळत. पुढच्या बाजूच्या खाचेत पिन घालून बोंब असेल तर मागच्या खाचेत घालून बघा. पुढच्या खाचेची वायर आत बोर्डाला जोडायची कित्येकदा राहूनच जाते.

पट्टी कुठेच हलत नाही. मग आवाज मुळातच निघत नाहीये. व्हिडिओखालचं स्पीकरचं चित्र बघा, कीबोर्डवर एम दाबला तरी यूट्यूब मुकं होतं. ब्राउझरच्या टॅबवर उजवं बटण दाबा, ‘म्यूट साइट’ झालंय का पाहा. व्हॉल्यूम मिक्सर उघडा, विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा असतो, एकाचाच तळाला गेलेला असू शकतो. झूम, मीटमध्ये तर त्यांची स्वतःची स्पीकरची निवड वेगळी. आणि कॉल चालू झाला की गाणं एकदम बारीक होतं ना, तो बिघाड नाही. याच खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ पान आहे, तिथे बाकीचे आवाज ८० टक्के कमी करा असं आधीच ठरवलेलं असतं. ‘डू नथिंग’ करा.

यादीतच काही नाही किंवा खालच्या टास्कबारवर स्पीकरच्या चित्राला लाल फुली. मग ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि आवाजाचं यंत्र यांच्यातला दुभाष्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ऑडिओचं नाव शोधा, अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, विंडोज बहुतेक वेळा स्वतःच परत बसवतो. अपडेटनंतर आवाज गेला असेल तर ‘रोल बॅक’ करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणा. सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज ऑडिओ’ चालू आहे का पाहा, नसेल तर चालू करा. इथपर्यंत येऊन अडलं तर दुकानात जरूर जा, पण आपला मॉनिटर, आपले स्पीकर, आपल्या वायरी सगळं बरोबर घेऊन जा, आणि फॉरमॅटचं नाव काढल्याबरोबर विचारा, “पट्टी कुठे हलतेय ते दाखव.”

विंडोजऐवजी लिनक्स वापरणारे हात वर करताहेत, दोघंच आहात. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, रकान्याखाली एमएम दिसलं की म्यूट आहे, एम दाबून उघडा. झालं.

आणि लॅपटॉपवाले. इअरफोन काढला तरी लॅपटॉपला वाटतं तो आहेच, कारण खाचेच्या आतला बारीक पत्रा अडकतो किंवा धूळ बसते. पिन सावकाश आत-बाहेर करा, पुन्हा पुन्हा. टाचणी घालू नका, हात जोडतो.

अध्यक्ष आता उभेच राहिलेत. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, थांबतो मी. फक्त प्रिंटरबद्दल कोणी काही विचारू नका.