वर्गणी काढा, पण माळ्याच्या पगारासाठी

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या आपल्या वॉर्डातल्या बागेसाठी पैसे कसे उभे करायचे, हे सांगायला मला बोलावलंय. ते सांगणारच आहे. पण आधी कारंज्याची गोष्ट ऐका, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच निघालंय.

आमच्या बागेत कारंजं व्हावं म्हणून वर्गणी निघाली. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आधी आम्ही पावतीपुस्तकं घेऊन सोसायट्या पालथ्या घातल्या. लोकांनी हात सैल सोडला. रंगीत दिवे लागणार, मुलं नाचणार, कोण नाही म्हणेल? मंडप पडला, पेढे वाटले, कारंजं उडालं. फार सुंदर दिसायचं हो.

पण जागा होती मोठ्या कडुलिंबाखालची. फाल्गुनात पानगळ सुरू झाली की पिवळी पानं हौदात आणि तिथून थेट पंपाच्या जाळीवर. जाळी रोज सकाळी काढून ब्रशनं घासायची, एवढंच काम. ते करणार कोण? माळी एकच, त्याच्याकडे आणखी दोन बागा. जाळी तुंबली, पंप कोरडा चालला, मोटारीचं वाइंडिंग जळलं. दुरुस्तीसाठी पुन्हा तीच दारं वाजवली, तर म्हणाले, ‘आत्ताच तर दिले होते!’ पावसाळ्यात हौदात डासांच्या अळ्या झाल्या. शेवटी त्यात माती भरून टाकली. आता तिथे तुळस आहे. तुळस चांगलीच, पण लोकांनी पैसे तुळशीसाठी दिले नव्हते.

बाकड्यांचंही तेच. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलेलं ग्रॅनाइटचं बाकडं द्यायला दाते मिळतात, आणि त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण एप्रिलमध्ये भर दुपारी त्या बाकड्यावर तळहात टेकवून बघा. टेकत नाही. त्याच्यावर सावली हवी, सावलीला झाड हवं, आणि नव्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालणारा माणूस हवा. त्या माणसाच्या पगाराला स्मरणार्थ कोणी देत नाही. ही माझी खरी तक्रार आहे.

पेव्हर ब्लॉकचं तर विचारूच नका. बुंध्याला घट्ट चिकटवून बसवतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. वरून फरशी लावली की मुळांना धड पाणी नाही, हवा नाही. शेंड्याकडून झाड वाळायला लागतं आणि आपण म्हणतो, कीड लागली असेल. बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असं हरित न्यायाधिकरणानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांसाठी बजावलं होतं. आपली झाडं काय वेगळी आहेत?

आपल्या शहरातली जुनी कमाटीबाग १८७९ची. तिथल्या सावलीत आपण सगळेच लहानाचे मोठे झालो. ती सावली बाग आखणाऱ्यांची आहे, तशीच पिढ्यान्‌पिढ्या तिथे पाणी घालणाऱ्या, पालापाचोळा गोळा करणाऱ्या माळ्यांचीही आहे. त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा आमच्या बागेत घोट्याएवढा गाळ साचला होता. माळी आणि शेजारच्या चार घरांनी फावड्यानं उपसला तो. अशा कामासाठी आमच्या खात्यात एक रुपयाही नव्हता. सगळी वर्गणी बांधकामात गेलेली.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा आता मुद्द्याचं भराभर सांगतो.

पद्धत नवी शोधायला नको, बडोद्यातच आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथालयातले जाणकार बॉर्डनसाहेब यांना आणून गावोगाव वाचनालयं उभी करायला घेतली. त्यात तत्त्व असं होतं, की गावानं वर्गणी जमवली की तेवढीच भर सरकारची आणि तेवढीच स्थानिक संस्थेची. म्हणजे एक हिस्सा लोकांचा, आणि तो भरल्याशिवाय बाकीचे दोन मिळायचे नाहीत. त्यामुळे वाचनालय गावाला आपलं वाटायचं. बागेलाही हेच लावा. एक हिस्सा सोसायट्यांचा, एक कॉर्पोरेशनचा, एक आसपासच्या दुकानदार-कारखानदारांचा. कॉर्पोरेशनकडे अर्ज करताना आपला हिस्सा जमल्याचं बँकेचं पासबुक सोबत जोडा. नुसत्या निवेदनापेक्षा त्याला वजन येतं.

वर्गणी एकरकमी मोठी नको, दर महिन्याची लहान घ्या, सोसायटीच्या मेंटेनन्समध्येच धरा. आधी माळ्याचा पगार, मग पाणी, खत, अवजारं. उरलं तर बांधकाम. कोणी बाकडं किंवा कारंजं देत असेल, तर त्याच्या देखभालीची रक्कमही सोबत घ्या, नाहीतर हात जोडून नको म्हणा. अवघड वाटेल, पण म्हणा.

आणि हिशेब! वर्गणीला गेलो असताना तिसऱ्या मजल्यावरच्या एका बेननं दारातच विचारलं होतं, ‘हिसाब बतावशो ने?’ म्हणजे हिशेब दाखवाल ना? अगदी बरोबर विचारलं. बागेच्या फाटकाशी फळा लावा. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, दर महिन्याच्या पाच तारखेला खडूनं लिहा. फळा कोरा राहिला की वर्गणी आटलीच म्हणून समजा.

नावनोंदणीची वही दाराशी ठेवली आहे. पहिलं काम ठरलंय. आमच्या बागेतल्या कडुलिंबांच्या बुंध्याभोवतीचे पेव्हर पावसाळ्याआधी उखडायचे आहेत. तशी लेखी परवानगी वॉर्ड ऑफिसातून घेतली आहे. रविवारी सकाळी सातला या. पहारी आमच्याकडे आहेत, घमेली कमी पडतील, ज्यांच्या घरी असतील त्यांनी घेऊन या.